कचऱ्यात गेलेल्या हरकती

आमच्या घरात हातात आलेला कागद नाकारायची पद्धत नव्हती. मग तो मूळव्याधीच्या डॉक्टरचा असो, सर्कशीचा असो, नव्या साडी सेंटरचा असो नाहीतर ज्या पक्षाला घरात कुणीच मत देत नाही त्या पक्षाचा असो. कागद घ्यायचा, उभ्या उभ्या वाचायचा आणि मग तो खिशात ठेवायचा की टाकायचा ते ठरवायचं. हा नियम वडिलांचा. मी त्यांना नाना म्हणते. आमच्या पहूर गावातही त्यांना सगळे नानाच म्हणतात.

नाना पत्रकं काढतात. आजही काढतात. पाण्याच्या टाकीबद्दल, रेशनच्या तांदळाबद्दल, कायम कुलूप असलेल्या वाचनालयाबद्दल. स्वतः लिहायचं, जामनेरला जाऊन छापून आणायचं आणि बसस्टँडवर उभं राहून वाटायचं. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. 'जागे व्हा!' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य असणार, कारण नानांचं प्रत्येक पत्रक तिथूनच सुरू व्हायचं. त्यानंतर 'तातडीचे!' आणि शेवटी, ठळक अक्षरात, 'ही शेवटची संधी!' शाळेत बाईंनी पावसाळ्यावर निबंध लिहायला सांगितला तर मी त्याच्याही शेवटी 'ही शेवटची संधी!' असं लिहिलं होतं. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली. नानांनी तो निबंध जपून ठेवला.

स्टँडवर त्यांच्या शेजारी उभी राहून मी माणसांचे हात बघायचे. पत्रक पुढे आलं की काही हात खिशात जायचे. काही हात ते घ्यायचे आणि न बघताच त्याने बाकावरची धूळ पुसायचे. एकाने तर त्याचा कोन करून त्यात शेंगदाणे घेतले आणि ते नानांपुढेच धरले. नानांनी त्यातले चार उचलून तोंडात टाकले. मी चिडले.

"माय," नाना म्हणाले, "वाचून फेकला त्याचा राग नाही धरायचा. त्याले पटलं नसंन. न वाचता फेकला त्याचा धरायचा."

"पण सगळे न वाचताच फेकतात!"

"मंग धर राग. आन उद्या त्याच माणसाले परत दे."

मी तशीच वाढले. राग धरत आणि परत देत.

आता मी धुळ्यात राहते. मोटरी, पाइप आणि ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बसते. शेठचे आजोबा राजस्थानातून आले. शेठ मात्र इतके इथले आहेत की रागावले की अहिराणीत बोलतात. दिवसभर मी गिऱ्हाइकांच्या ईमेलना उत्तरं देते, दरपत्रकं पाठवते. उरलेला वेळ लिहिते. आम्ही काही मुलंमुली मिळून पत्रकंही काढतो. आमचा एक ईमेलचा पत्ता आहे आणि तो उघडायचं काम माझ्याकडे आहे. नानांना बसस्टँड होता, मला हा पत्ता आहे.

ही हकीकत त्या पत्त्याची आहे. आणि एका मुलीच्या बारावीची.

पिंपळनेरच्या बाजारात पत्रकं वाटायला मी जायचे तेव्हा तिथे अक्का भेटायच्या. भाजी घेऊन बसायच्या. पश्चिमेकडच्या डोंगराच्या अंगाला त्यांचा पाडा. त्यांची मुलगी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावी शास्त्रला होती. पाड्यावरून बारावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी, तिच्या मागे अकरावीला आणखी काही. या सगळ्या महाविद्यालयाच्या बसने जायच्या आणि यायच्या. ते चालवणाऱ्या संस्थेचं मुख्य कार्यालय धुळ्यात. ऑक्टोबरात संस्थेने फळ्यावर सूचना लावली. पश्चिम मार्गावरची संध्याकाळची बस दिवाळीनंतर बंद करण्याचा विचार आहे. ज्या पालकांची हरकत असेल त्यांनी ती पुढच्या शनिवारपर्यंत ईमेलने कळवावी.

ईमेलने! ज्या पाड्यावर फोनला रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, तिथल्या पालकांनी ईमेलने कळवावं. ती सूचना वाचूनच माझं डोकं तापलं.

अक्का तापल्या नव्हत्या. त्या मेथीच्या जुड्या लावत होत्या.

"बस बंद व्हयनी ते पोर घर कशी येई?" त्या म्हणाल्या. "सकायनी बस ऱ्हाई, ठीक शे. संध्याकायले काय? तिना बाप म्हनस, आते बठ्ठं पुरं. घर बस."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विचारलंच का असं मला झालं. "मी म्हनस, तू पत्रक काढ."

पत्रक काढलं. त्याच आठवड्यात काढलं. नानांच्या वळणाचं. वर 'तातडीचे! पश्चिम मार्गाची बस वाचवण्याची ही शेवटची संधी!' आणि खाली काय लिहायचं ते सोप्या भाषेत. प्रत्येक घराने आपली हरकत आमच्या पत्त्यावर पाठवावी, आम्ही सगळ्या हरकती एकत्र करून संस्थेकडे देऊ. एकेक हरकत त्यांनी बाजूला सारली असती, पण सगळ्यांचा गठ्ठा बाजूला सारायला कठीण. शेवटी मी एक ओळ टाकली. आपल्या लोकांचे मेल चटकन ओळखू यावेत म्हणून विषयाच्या जागी वरचं शीर्षक जसंच्या तसं लिहावं.

त्या ओळीचा मला अभिमान वाटला होता. व्यवस्थित काम.

पत्रक बाजारात वाटलं, दुकानांच्या भिंतींवर चिकटवलं, व्हॉट्सअॅपच्या मिळतील तेवढ्या गटांत टाकलं. कुणीतरी ते आपल्या वेबसाइटवरही लावलं. आणि आमचा पत्ता जगभर झाला. दुसऱ्या दिवसापासून त्यावर कचऱ्याचा पूर आला.

स्पॅम प्रत्येकालाच येतो. पण तो मराठीत यायला लागला की त्याला एक वेगळाच उद्धटपणा येतो. 'तातडीचे कर्ज, कागदपत्रांशिवाय!' 'नाशिकजवळ प्लॉट, ही शेवटची संधी!' 'प्रिय ग्राहक, आपले खाते आज बंद होईल, त्वरा करा!' कुठल्या तरी देशात एक राजपुत्र माझ्या नावाने संपत्ती ठेवून वारला होता. गुडघेदुखीवर तेल होतं. एका मेलमध्ये मला घरबसल्या लेखक व्हायचं होतं.

मी सगळे वाचत होते. हसू नका. हातात आलेला कागद न वाचता टाकायचा नाही, हे माझ्या हाडात आहे. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मी तेलाची जाहिरात शेवटपर्यंत वाचायचे आणि मगच पुसायचे. तीन-चार दिवसांत असं झालं की पुसून होईपर्यंत वर नवा थर साचलेला. त्या थरात अक्कांच्या पाड्याची हरकत कुठे असेल तर ती मला दिसेना. मग खात्यातून इशारा आला की जागा संपत आली आहे, भरली की नवे मेल येणार नाहीत.

शेठ मागून बघत होते. पाइपाचा एक तुकडा हातात घेऊन.

"हे काय वाचतेस? तेल?"

"आलंय म्हणून वाचतेय."

"आलंय म्हणून?" शेठ हसले. "अगं ताई, दुकानात कुत्रं आलं म्हणून तू त्याला खुर्ची देशील का? फिल्टर लाव. मी सकाळी मेल उघडतो तेव्हा फक्त गिऱ्हाईक असतं. बाकी सगळं वरच्यावर बाहेर."

"आणि एखादं गिऱ्हाईकच बाहेर गेलं तर?"

"ज्याला मोटर पाहिजे तो फोन करतो." मग दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "पहिलं फिल्टर तुझ्या नानांच्या पत्रकाला लाव. दरवेळी दुकानात येतात आणि माझ्याच काउंटरवर मला जागं करतात!"

मी हसले. फिल्टर कसं लावतात ते मला माहीत होतं, दुकानाचे सगळे मीच लावले होते. शोधायच्या पट्टीच्या टोकाला एक खूण असते, ती दाबली की खिडकी उघडते. कुणाकडून आलेला, विषयात काय, मजकुरात काय. यातलं हवं ते भरायचं आणि खाली सांगायचं की असा मेल आला की काय करायचं. बाजूला ठेवायचा, वाचलेला समजायचा, पुसून टाकायचा. तुम्ही एकदा सांगितलं की ते यंत्र कधीही विसरत नाही आणि कधीही विचारत नाही.

पत्त्यावरून अडवून उपयोग नव्हता. ते लोक रोज नव्या पत्त्यावरून यायचे. म्हणून मी शब्दांवरून अडवायचं ठरवलं. एकेक मेल समोर घेऊन त्यातला हुकमी शब्द काढला. 'मोफत.' 'त्वरा करा.' 'प्रिय ग्राहक.' 'तातडीचे.' 'शेवटची संधी.' प्रत्येकापुढे एकच हुकूम, पुसून टाका, आणि तो आधी आलेल्या मेलनाही लागू.

खरं सांगते, मजा आली. कित्येक वर्षं मी रस्त्यावर हात पुढे करून उभी राहिलेली मुलगी होते. नाकारलेली. आता नाकारणारी मी होते. माझ्या लोकांची हरकत आणि माझे डोळे यांच्यामध्ये कुणी गुडघ्याचं तेल घेऊन उभं राहणार नव्हतं. शेवटचं फिल्टर लावून मी खिडकी बंद केली, आणि मेलपेटी अशी स्वच्छ झाली जशी पोळ्याच्या आधी सारवलेली ओटी.

स्वच्छ आणि रिकामी.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांचा मेल तेवढा आला. त्यांना शीर्षक द्यायचा कंटाळा होता. बाकी काही नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. मला वाटलं, लोक घाबरले. मला वाटलं, रेंज नसेल. मला असंही वाटलं की पाड्यावर कुणी आमच्याविरुद्ध काही भरवलं असेल, आणि मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या माणसाविरुद्ध एक पत्रक लिहायलाही घेतलं.

शुक्रवारी दुपारी दुकानात असतानाच अक्कांचा फोन आला. मुलीच्या फोनवरून.

"काय व बाई, तू वाची ऱ्हायनी का झोपी ऱ्हायनी?"

"काय वाचायचं, अक्का? काही आलंच नाही."

"उनं नही? मनी पोरनी धाडं, शेजारनी पोरनी धाडं, बठ्ठासनी धाडं! टाकीवर चढी चढी धाडं! मंग ते गयं कोठे? डोंगरमा?"

मागून मुलगी बोलताना ऐकू आली. "ताई, तुम्ही सांगितलं तसंच शीर्षक टाकलं. जसंच्या तसं."

जसंच्या तसं.

मी कचऱ्याची पेटी उघडली. तिथे सगळे होते. 'तातडीचे! पश्चिम मार्गाची बस वाचवण्याची ही शेवटची संधी!' त्याखाली तेच. त्याखाली तेच. मध्ये एक नाशिकचा प्लॉट. परत तेच. एकीने शीर्षक लिहिताना दोन उद्गारचिन्हं जास्तीची टाकली होती. एका बापाने, बहुतेक मुलीच्या हातून, लिहिलं होतं की मला लिहिता येत नाही पण माझी हरकत आहे. ज्या ओळीने आपले लोक ओळखायचे होते त्याच ओळीवर मी पहारेकरी बसवला होता. आणि आमचे लोक नेमके असे की पत्रकात जे सांगितलं ते अक्षरशः करणारे. दुसऱ्या कुणी शीर्षकात काहीतरी बदल केला असता, आळस केला असता. यांनी नाही.

शेठनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाइपाचा तुकडा खाली ठेवला. "मी गंमत केली होती गं," ते म्हणाले.

मी तिथूनच नानांना फोन लावला. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला पुढचं सुचणार नव्हतं. नाना आधी खूप हसले. "माह्या पत्रकाले माह्याच पोरीनं कचऱ्यात टाकलं!" मग विचारलं, "वाचून टाकले का न वाचता?"

"नाना, मी टाकलेच नाहीत. नियमाने आपोआप गेले."

"नियम कोणी लिहिला?"

"मीच."

"मंग आपोआप म्हणू नको," नाना म्हणाले. "काढ ते वर. आन दे ज्याले द्यायचे त्याले."

मला लाजत बसायला वेळ नव्हता, आणि तशी सवयही नाही. कचऱ्यातल्या हरकती एकेक करून बाहेर काढल्या. या वेळी प्रत्येक वाचली. 'तातडीचे' आणि 'शेवटची संधी' ही दोन फिल्टरं त्याच जागी पुसली. सगळ्या हरकती एकत्र करून संध्याकाळच्या आत संस्थेच्या पत्त्यावर पाठवल्या, आणि शनिवारी सकाळी कार्यालय उघडताच फोन केला.

"पश्चिम मार्गाबद्दल?" पलीकडचा आवाज म्हणाला. "एकही हरकत आलेली नाही. आज शेवटचा दिवस आहे. नाही आली तर मान्य आहे असं धरू."

"काल संध्याकाळी पाठवल्या आहेत. सगळ्या एकत्र."

"मॅडम, आलं असतं तर दिसलं असतं ना!"

फोन ठेवला. दोन दिवस मीही हेच म्हणत होते. आलं असतं तर दिसलं असतं.

अक्का आणि मुलगी सकाळच्या बसने धुळ्याला यायला निघाल्याच होत्या. मी बोलावलं नव्हतं. अक्कांचं म्हणणं होतं की कागद एकदा हरवला तर दुसऱ्यांदा माणसानेच जावं. शेठकडे मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. "रजा कसली," शेठ म्हणाले, "गिऱ्हाइकाकडे जाते आहेस असं समज." आणि रिक्षाला हाक मारली.

संस्थेचं कार्यालय पहिल्या मजल्यावर. टेबलांची रांग, त्यावर फायली, आणि टोकाला मुख्य लिपिक. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत होते. गोल चेहऱ्याचा, दमलेला, वाईट नसलेला माणूस. आम्हाला बघून त्यांनी खुर्च्या मागवल्या. एक मिळाली, ती त्यांनी अक्कांना दिली.

"मॅडम, मी फोनवरच सांगितलं. आलेलं नाही."

"स्पॅम उघडून बघा."

"त्यात काय बघायचं? सगळा कचरा असतो. व्हायरस असतो. सिस्टीम आपोआप टाकते, आम्ही हातही लावत नाही."

अक्कांना मी समजावलं की स्पॅम म्हणजे ज्यात नको असलेले कागद जातात ती पेटी. अक्का भाऊसाहेबांकडे वळल्या.

"भाऊ, आमना कागदले काय रोग लागेल शे का?"

पलीकडच्या टेबलावरची बाई खुदकन हसली. भाऊसाहेब ओशाळले. "तसं नाही हो अक्का. ते यंत्र आहे. यंत्राला काय कळतं!"

"उघडा ना मग," मी म्हणाले. "व्हायरस आला तर माझ्यावर येऊ द्या."

त्यांनी उघडलं. मनापासून नाही, पण टेबलांची सगळी रांग आता आमच्याकडे बघत होती. पडद्यावर तीच माझी ओळखीची गर्दी आली. कर्ज, प्लॉट, प्रिय ग्राहक. आणि मध्ये आमचा मेल. 'तातडीचे!' त्यांनी तो उघडला. मेलच्या वर एक करडी पट्टी होती.

यंत्र स्वतःहून मेल टाकतं तेव्हा ते तसं लिहितं, की हा संशयास्पद वाटला. मला ती पट्टी माहीत होती. ही वेगळी होती. मी वाचायला पुढे झाले, पण अक्कांची मुलगी माझ्या आधी वाकली. शाळेत धडा वाचतात तशा स्पष्ट आवाजात तिने वाचलं.

"या पाठवणाऱ्याला तुम्ही ब्लॉक केले आहे."

मी भाऊसाहेबांकडे वळले.

"तुम्ही," मी म्हणाले. "यंत्र नाही म्हणत. तुम्ही. यासाठी मेल उघडून, कोपऱ्यातल्या टिंबांवर जाऊन, यादीतून निवडून बोट ठेवावं लागतं, भाऊसाहेब. यंत्र हे करत नाही. माणूस करतो. हा नियम कोणी लिहिला?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मागच्या वर्षी तुम्ही फीबद्दल ते पत्रक पाठवलं होतं," ते हळू म्हणाले. "सचिवसाहेब म्हणाले होते, या लोकांचं परत येऊ देऊ नका."

तर ते माझ्यामुळे होतं, आणि मला त्याचा जराही खेद झाला नाही. ते पत्रक खरं होतं, आजही आहे. पण त्या पत्रकाची शिक्षा या मुलीच्या बारावीला होत होती. सचिवांना माझा राग आला होता, ठीक आहे. राग त्यांनी वाचून धरायला हवा होता. त्यांनी माझं येणंच बंद केलं. पुढे मी काय पाठवेन, कुणाचं पाठवेन, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

"पत्रक आवडलं नाही तर नाही म्हणा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "हरकत पटली नाही तर लेखी नाही म्हणा. आम्ही भांडू. पण तुम्ही सूचनेत लिहायचं की ईमेलने हरकत पाठवा, आणि ती यायच्या आधीच पुसायची सोय करून ठेवायची! न वाचता नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? एक वाचा. फक्त एक, मोठ्याने. मग टाका हवं तर कचऱ्यात."

भाऊसाहेबांनी दाराकडे पाहिलं. सचिवांची खोली बंद होती. मग, का कोण जाणे, त्यांनी खरंच वाचलं. नेमकी या मुलीचीच हरकत निघाली.

"मी बारावी शास्त्रला आहे. आमचे प्रयोग शेवटच्या तासाला असतात. बस नसेल तर मला प्रयोग सोडून दुपारच्या एसटीनेच निघावं लागेल. प्रयोगाला गुण असतात. घरी म्हणतात की मग कशाला जायचं. माझ्या मागे अकरावीला मुली आहेत. मी थांबले तर त्याही थांबतील. म्हणून माझी हरकत आहे."

वाचून झाल्यावर ते मुलीकडे वळले. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"प्रयोग कशाचे आहेत?"

"सध्या रसायनशास्त्राचे."

पलीकडची बाई उठून आली आणि प्रिंटरमध्ये कागद घातले. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हरकती एकेक करून बाहेर यायला लागल्या. भाऊसाहेबांनी आवकचा शिक्का काढला आणि प्रत्येकीवर मारला. अक्का खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या आणि प्रत्येक शिक्क्याला मान हलवत होत्या. शेवटच्या कागदावर शाई फिकी उमटली तर म्हणाल्या, "भाऊ, ह्यावर परत मार. दिसी नही ऱ्हायना." भाऊसाहेबांनी परत मारला.

"पोच द्या," मी म्हणाले.

"देतो, मॅडम. तुम्ही ओरडू नका आता."

"ओरडल्याशिवाय तुम्ही उघडलं नसतं."

ते हसले नाहीत, पण पोच दिली. निघताना मी विचारलं, ब्लॉक काढता का? ते म्हणाले, साहेबांना विचारून. मी म्हणाले, बरं, मग पुढचं पत्रक मी तुमच्या हातातच आणून देईन. दर आठवड्याला. त्यांनी ब्लॉक काढला.

रिक्षात अक्कांनी मला विचारलं, आधी तुझ्याकडेही कागद कचऱ्यातच होते ना? मी हो म्हणाले. का गेले ते सांगितलं. अक्का म्हणाल्या, "तू काढात ना वर. त्यासले काढाले लावनं पडनं." मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. तिने न वळता विचारलं, "ताई, पुढच्या वेळी शीर्षक बदलायचं का? साधं टाकायचं?"

मला मित्रांनीही नंतर हेच सुचवलं. शब्द सौम्य करा. 'तातडीचे' म्हणू नका, 'विनंती' म्हणा. उद्गारचिन्हं काढा. मेल सुखरूप पोचेल.

नाही. हे शब्द आमचे आहेत. नाना स्टँडवर उभे राहून ते वाटत होते तेव्हा प्लॉट विकणाऱ्यांना ईमेल ठाऊकही नव्हता. ज्यांना कशाचीच तातडी नाही त्यांनी तो शब्द उचलला, झिजवला, तेलाच्या बाटलीवर चिकटवला. म्हणून ज्या मुलीला खरंच तातडी आहे तिने दुसरा शब्द शोधायचा? ज्याची खरंच शेवटची संधी आहे त्याने हळू बोलायचं? शब्द चोरणाऱ्यांना घाबरून मी माझं घर सोडणार नाही. फिल्टर मी आजही लावते, तेलवाल्यांना आणि राजपुत्रांना माझ्याकडे दयामाया नाही. पण शब्दाला लावत नाही. पुसून टाका असा हुकूमही देत नाही. बाजूला ठेवा एवढंच सांगते, आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती बाजूची पेटी स्वतः चाळते. शेठ म्हणतात, मग फिल्टर लावून काय मिळवलंस? मी म्हणते, टाकायचं की नाही ते मी ठरवते.

"वाचून?"

"वाचून."

"तुझे नाना दुकानात आले की मीही वाचतो हल्ली," शेठ म्हणाले. "भीती वाटते."

दिवाळी झाली. महाविद्यालय उघडलं त्या दिवशी मी दर तासाला मेल उघडत होते. संस्थेकडून काहीच कळवलेलं नव्हतं. संध्याकाळी दुकान बंद करताना मुलीचा मेल आला. सरळ समोरच्या पेटीत, कुणाच्याही मागे न लपता. विषयाच्या जागी 'तातडीचे!' आणि आत दोनच वाक्यं.

'बस उनी. पन फाटालगूनच.'

फाट्यापर्यंतच. म्हणजे पाड्यापर्यंत नाही. म्हणजे फाट्यावर उतरून पुढचा चढाचा रस्ता या मुलींनी पायीच तुडवायचा. मार्ग बंद केला नाही असं सांगायला संस्था मोकळी.

मी पायात घातलेली चप्पल परत काढली, दुकानाचा दिवा लावला आणि कॉम्प्युटर सुरू केला. शेठ कुलूप हातात घेऊन उभे होते.

"आता काय?"

"प्रिंटरमध्ये कागद आहेत का?"

शेठनी कुलूप काउंटरवर ठेवलं आणि आतून कागदांचा नवा गठ्ठा आणला. मी वर शीर्षक लिहिलं. तेच. जसंच्या तसं, दोन्ही उद्गारचिन्हांसकट.